औषधांचे दुष्परिणाम आणि विषबाधा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाचा त्रास झाला की घरात सहसा दोनच निर्णय होतात. एक तर गोळी परस्पर बंद केली जाते, नाही तर ‘थोडे सोसावेच लागते’ म्हणून ती तशीच चालू राहते. यांपैकी कोणता निर्णय योग्य, हे त्रास शरीरात कोणत्या मार्गाने झाला यावर अवलंबून असते. म्हणून पुढील उत्तरांत दुष्परिणामांची यादी देण्यापेक्षा ते कसे घडतात हे सांगण्यावर भर दिला आहे. ज्यांना सध्या त्रास होत आहे त्यांनी हे वाचून स्वतः औषध बदलू नये, आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

दुष्परिणाम आणि विषबाधा यांत फरक काय?

नेहमीच्या, योग्य मात्रेत औषध घेऊनही जो नको असलेला, अपायकारक परिणाम होतो त्याला दुष्परिणाम म्हणतात. औषधाचे रक्तातील किंवा एखाद्या अवयवातील प्रमाण शरीराला पेलवेल त्यापेक्षा वाढले आणि त्यामुळे इजा झाली, तर ती विषबाधा. मात्र ही सीमारेषा प्रत्येकासाठी एकाच ठिकाणी नसते. हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनची जी गोळी चाळिशीतल्या निरोगी मूत्रपिंडांच्या माणसाला लागू पडते, तीच गोळी मूत्रपिंडे थकलेल्या ऐंशीच्या वृद्धात काही आठवड्यांत साठत जाऊन मळमळ, भूक मंदावणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे अशी विषबाधा घडवू शकते. चिठ्ठीवरची मात्रा तीच असली, तरी रक्तातली मात्रा बदललेली असते.

१९७७ मध्ये रॉलिन्स आणि थॉम्पसन या औषधशास्त्रज्ञांनी दुष्परिणामांचे जे दोन गट मांडले, ते आजही उपयोगी पडतात. पहिल्या गटातील त्रास हे औषधाच्या मूळ गुणाचेच वाढलेले रूप असतात आणि मात्रेबरोबर वाढतात, उदाहरणार्थ मधुमेहाच्या गोळीने साखर फारच उतरणे. दुसऱ्या गटातील त्रासांचा औषधाच्या मूळ गुणाशी संबंध नसतो, ते मोजक्याच लोकांना होतात आणि त्यांचा आधी अंदाज येत नाही, उदाहरणार्थ पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. पहिल्या गटात मात्रा कमी करून बहुधा भागते. दुसऱ्या गटात औषध थांबवावेच लागते.

गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला का बाधते?

गिळलेली गोळी रक्तात उतरते आणि रक्त सर्वत्र जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके सायक्लोऑक्सिजिनेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य कमी तयार होते आणि गुडघ्याची सूज व वेदना उतरते. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या आवरणावर संरक्षक बुळबुळीत थर राखत असते आणि तेथील रक्तपुरवठाही सांभाळत असते. ते कमी झाले की जठरातील आम्ल आवरणालाच खाऊ लागते, व्रण पडतात आणि कधी कधी काळी, डांबरासारखी शौचास होते. ही खूण पोटातल्या रक्तस्रावाची असते, तिच्यासाठी उद्याची वाट पाहू नये.

मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिनचे काम आणखी नाजूक आहे. शरीरात पाणी कमी पडते तेव्हा मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या उघड्या ठेवण्याचे काम ते करते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उन्हात राबणारा, पाणी जेमतेम पिणारा शेतमजूर संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेतो, तेव्हा नेमक्या त्याच वेळी हा आधार काढून घेतला जातो. त्याच्या जोडीला रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण येतो. अशा रुग्णाने मेडिकलमधून अंगदुखीची गोळी स्वतःहून घेऊ नये, असे मी निक्षून सांगेन.

पोटात व्रण होऊ नये म्हणून सोबत आम्लशामक गोळी दिली जाते आणि ती जठराला वाचवतेही. मूत्रपिंडाला मात्र तिचे संरक्षण मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

‘गोळ्या उष्ण पडल्या’ असे म्हणतात, तेव्हा शरीरात काय झालेले असते?

या एका तक्रारीखाली अगदी वेगवेगळ्या घटना दडलेल्या असतात. छातीत जळजळ असेल तर वर सांगितल्याप्रमाणे जठराच्या आवरणाची इजा असू शकते किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्याने ती अन्ननलिकेत चिकटून तेथे व्रण झालेला असू शकतो. अँटिबायोटिक्सनंतर जिभेवर पांढरा थर येतो आणि तोंड आतून झोंबते, तेव्हा तोंडातील उपकारक जिवाणू मेल्यामुळे बुरशी वाढलेली असते. लघवीला जळजळ, अंगावर पुरळ, घशाला कोरड या प्रत्येकाचे कारण निराळे.

सगळ्यांत काळजीचे उदाहरण मेथोट्रेक्सेटचे आहे. आमवातासाठी आणि सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. फोलेट या जीवनसत्त्वाचा वापर ते अडवते, त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशींना प्रथम झळ बसते : तोंडाचे आवरण, आतडे आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा. चुकून ते रोज घेतले गेले तर काही दिवसांतच तोंड येते. घरचे लोक त्याला उष्णता समजून गुलकंद, सब्जा, ताक देत राहतात आणि तेवढ्या काळात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घसरत जातात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचे तोंड आले तर पुढची मात्रा न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि रक्ताची तपासणी करावी. गोळीचा वार पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याची साधी सवय या चुकीपासून वाचवते.

पॅरासिटामॉल तर सर्वांत सुरक्षित मानतात, मग त्याने यकृत कसे निकामी होते?

योग्य मात्रेत ते खरोखर सुरक्षित आहे. त्याचा बहुतांश भाग यकृतात ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट यांच्याशी जोडला जाऊन निरुपद्रवी होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. साधारण ५ ते १० टक्के भागावर मात्र सायटोक्रोम विकरांची क्रिया होऊन एनएपीक्यूआय नावाचे अतिशय क्रियाशील द्रव्य तयार होते. म्हणजे खरे विष गोळीत नसून यकृताने स्वतः बनवलेल्या या द्रव्यात आहे. यकृताच्या पेशींमध्ये ग्लुटाथायोनचा साठा असतो, तो या द्रव्याला तत्काळ पकडून निष्प्रभ करतो.

मात्रा खूप वाढली की पहिले दोन मार्ग अपुरे पडतात, जास्त पॅरासिटामॉल तिसऱ्या, म्हणजे सायटोक्रोम विकरांच्या, मार्गाकडे वळते आणि ग्लुटाथायोन संपत येते. मग एनएपीक्यूआय यकृताच्या पेशींमधील प्रथिनांनाच चिकटते, पेशींची ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि त्या मरू लागतात. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यात तिसरा मार्ग आधीच वाढलेला असतो. कुपोषित किंवा अनेक दिवस उपाशी असलेल्या माणसात ग्लुटाथायोनचा साठाच तुटपुंजा असतो. म्हणून या लोकांना कमी मात्रेतही धोका पोचतो.

या विषबाधेत पहिले २४ तास फसवे असतात. थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. त्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखू लागते, यकृताची विकरे रक्तात झपाट्याने वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, शुद्ध हरपणे हा टप्पा येऊ शकतो. याचा उतारा उपलब्ध आहे : एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, जे ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून देते. पहिल्या ८ तासांत ते मिळाले तर यकृत जवळजवळ निश्चितपणे वाचते. त्यामुळे जास्त गोळ्या घेतल्याचे कळताच, माणूस अगदी ठीक दिसत असला तरी, त्याला रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे अनेकदा मात्रा नकळत वाढते. प्रौढाने २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. समजा, तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, तर २६०० झाले. सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, ती तीन वेळा घेतली, १५०० वाढले. अंगदुखीसाठी अ‍ॅसिक्लोफिनॅकची जोडगोळी दोन वेळा घेतली, तिच्यात प्रत्येकी ३२५, म्हणजे आणखी ६५०. बेरीज ४७५० होते आणि रुग्णाच्या समजुतीप्रमाणे त्याने तीन वेगवेगळी औषधे घेतलेली असतात. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

एकच गोळी एकाला सोसते, दुसऱ्याला नाही. असे का?

औषध मोडणारी विकरे प्रत्येकाला आईवडिलांकडून मिळतात आणि ती सारखी नसतात. क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाला निष्प्रभ करणारे विकर काही लोकांत वेगाने, तर काहींत सावकाश काम करते. भारतीयांमध्ये सावकाश गटातील लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या शरीरात औषध जास्त वेळ राहते, ब-६ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते आणि तळपायांना मुंग्या येऊन जळजळ होते. म्हणूनच उपचारासोबत पायरिडॉक्सिनची गोळी दिली जाते. तिच्याकडे साधी ताकदीची गोळी म्हणून पाहून ती टाळू नये.

दुसरे उदाहरण गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात फार महत्त्वाचे ठरते. व्हायवॅक्स हिवताप उलटू नये म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस देतात. लाल पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे जी-सिक्स-पीडी हे विकर ज्यांच्यात जन्मतः कमी असते, त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटू लागतात. लघवी गडद, चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत अधिक आढळतो. प्रायमाक्विन चालू असताना लघवीचा रंग असा बदलला तर गोळी थांबवून लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

वयाचा विचार तर कायम करावा लागतो. नवजात बालकाचे यकृत क्लोरॅम्फेनिकॉलला ग्लुकुरोनाइड जोडू शकत नाही, म्हणून पूर्वी हे औषध दिलेली काही बाळे राखाडी पडून दगावली. उतारवयात स्नायू घटल्याने क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारे आणि मूत्रपिंडे गाळून टाकतात ते द्रव्य) अहवालात ‘नॉर्मल’ दिसते, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निम्म्यावर आलेली असू शकते. अशा आजोबांना मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड चालू असेल आणि एखाद्या दिवशी जेवण हुकले, तर साखर धोकादायकरीत्या उतरून ती दीर्घकाळ खालीच राहते. सत्तरीनंतर नुसते क्रिएटिनिन न पाहता वय धरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) पाहून मात्रा ठरवावी, असा आग्रह कुटुंबीयांनी धरला तर डॉक्टरांना त्यात वावगे वाटणार नाही.

पूर्वी हेच औषध अनेकदा घेतले आहे. आता त्याची अ‍ॅलर्जी कशी होऊ शकते?

अ‍ॅलर्जी होण्यासाठी आधीची ओळख लागते, म्हणून ‘पूर्वी काही झाले नाही’ यात सुरक्षिततेची हमी नाही. पेनिसिलिनचा रेणू लहान असतो. तो शरीरातील प्रथिनाला चिकटला की प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परके मानू शकते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार ठेवते. पुढच्या वेळी औषध आले की काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडून गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. येथे पहिला उपाय अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच आहे.

काही प्रतिक्रिया उशिरा येतात आणि म्हणून औषधाशी त्यांचा संबंधच कोणाच्या लक्षात येत नाही. मासिक पाळीच्या वेदनांसाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ड्रेस’ या प्रतिक्रियेचा इशारा दिला होता. यात औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज येते आणि यकृतासारख्या अवयवांना इजा होते. ही घटना विरळ आहे, त्यामुळे वेदनेने तळमळणाऱ्या मुलीने घाबरून औषध नाकारावे असे मुळीच नाही. पण डॉक्टरांनी ‘गेल्या दोन महिन्यांत काय काय घेतले?’ असे विचारले, तर ही गोळी आठवणीने सांगावी.

फिट्ससाठीच्या कार्बामाझेपिनने काहींची त्वचा भाजल्यासारखी सोलवटते आणि तोंडाची, डोळ्यांची आवरणेही सोलली जातात. या धोक्याचा एचएलए-बी १५:०२ या जनुकीय खुणेशी संबंध आहे. आशियाई वंशाच्या रुग्णांत ती खूण आधी तपासता येते.

क्षयाच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. काळजीचे कारण आहे का?

नाही. रिफाम्पिसिन मुळातच लाल-केशरी रंगाचे असते आणि लघवी, घाम, अश्रू यांतून बाहेर पडते. काळजी करायची ती भूक मरणे, सतत उलट्या, डोळे पिवळे होणे यांची, कारण आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात. इथॅम्बुटॉल डोळ्याच्या मज्जातंतूवर परिणाम करते. लाल-हिरव्यातला फरक पुसट होणे ही त्याची आरंभीची खूण. अशा वेळी उपचार केंद्रात जाऊन सांगावे. यकृत सावरल्यावर औषधे एकेक करून पुन्हा सुरू करता येतात. न सांगता उपचार सोडल्यास क्षय उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

दोन औषधे एकमेकांना विषारी कशी करतात?

बहुधा एक औषध दुसऱ्याची विल्हेवाट लावणारे विकर अडवते. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याला जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले, की थिओफायलिन रक्तात साठून छातीत धडधड, हातांना कंप आणि कधी फिट्सही येतात. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत कोलेस्टेरॉलसाठीचे अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन घेतल्यास स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडण्याइतका त्रास होऊ शकतो. उलट दिशेनेही घडते. रिफाम्पिसिन यकृताची विकरे वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होतात आणि क्षयाचा उपचार चालू असताना नको असलेली गर्भधारणा होते. हे स्त्रियांना उपचाराच्या पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

आणखी एक प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो. रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन सूक्ष्म धमन्या शिथिल करते पण शिरा तेवढ्या शिथिल होत नाहीत, म्हणून केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोट्यांवर सूज येते. ही सूज मूत्रपिंडाची किंवा हृदयाची समजून लघवीची गोळी जोडली जाते, तिने सोडियम उतरते, चक्कर येते आणि मग चक्करेची गोळी सुरू होते. नवे लक्षण दिसताच ‘हे आधीच्या गोळीमुळे तर नाही ना?’ हा प्रश्न रुग्णानेही विचारावा.

आयुर्वेदिक किंवा झाडपाल्याचे औषध तरी निर्धोक असते ना?

ज्या पदार्थात रोग हटवण्याइतका गुण आहे, त्याचे रेणूही यकृतातूनच जातात. करोनाकाळात अनेकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतला. त्यांतील काहींना झालेल्या यकृतदाहाची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. माझ्या मते, यकृताचा आजार असलेल्याने असा काढा दीर्घकाळ घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि यकृताची तपासणी करावी. नीट सिद्ध न केलेल्या रसौषधींतून (धातू-खनिजांपासून बनवलेल्या औषधांतून) शिसे शरीरात जाऊन पोटदुखी आणि पंडुरोग होतो. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळते, हा धोका त्याहून मोठा आहे.

स्टेरॉइड एकदम बंद का करू नये?

बाहेरून प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यानंतर ते अचानक तोडले तर शरीराकडे ताण सोसण्यासाठी काहीच उरत नाही. रक्तदाब उतरतो, उलट्या होतात, जीवही जाऊ शकतो. वर सांगितलेल्या पुड्या अचानक बंद करणाऱ्यांचेही असेच होते, आणि आपण काय घेत होतो हे त्यांना सांगताही येत नाही.

माहितीपत्रकात इतके दुष्परिणाम छापलेले असतात की औषध घ्यायची भीती वाटते.

शब्दांमागचे प्रमाण पाहावे. ‘अतिसामान्य’ म्हणजे दहांत एकाहून अधिक, ‘विरळ’ म्हणजे हजारात एकाहून कमी. यादीची लांबी धोक्याचे प्रमाण सांगत नाही.

मुलांच्या खोकल्याच्या औषधाने मृत्यू झाले, तेही दुष्परिणामच का?

नाही, ती भेसळीमुळे झालेली विषबाधा होती. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तपासलेल्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले, मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हे गोड चवीचे औद्योगिक द्रावण यकृतात मोडून डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी मारते. आधी उलट्या होतात, मग लघवी बंद होते. अमेरिकेत १९३७ मध्ये याच द्रव्याने शंभराहून अधिक बळी घेतले आणि त्यातून पुढच्या वर्षी तेथील औषध कायदा कडक झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा मृत्यू झाला, त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली. हे द्रव्य ओळखण्याची पद्धत माहीत असूनही प्रत्येक वेळी कच्चा माल न तपासता वापरला गेला, याचा संताप वाटल्याशिवाय राहत नाही.

पालकांच्या हाती जे आहे ते एवढे : लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो, आणि क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढलेला आहे. कोणतेही औषध पाजल्यावर मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही तर बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे.

दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूस करू शकतो का?

करू शकतो. २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतही यासाठी केंद्र असते. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते, शंका पुरेशी आहे. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि त्याच काळात घेतलेली इतर सर्व औषधे, काढे व चूर्णे धरून, सांगावीत. त्यासाठी गोळ्यांचे पाकीट उपचार संपेपर्यंत टाकून देऊ नये. गोळ्या काढताना बॅच क्रमांक छापलेली बाजू शेवटपर्यंत राखून ठेवावी.